अनुदानाची यादी कशी वाचायची?

नावं आणि रकमा असलेली यादी हाती लागली की निम्मं संशोधन झालं, असं तुम्हालाही वाटतं का? मग अमेरिकेतल्या शेती अनुदानाचा डेटाबेस एकदा नीट बघा. 'एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप' ही संस्था तो चालवते. १९९५ पासून सरकारने कुणाच्या नावावर किती पैसे दिले, हे त्यात काउंटीनुसार शोधता येतं. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा.)

या कामाचं मोल मोठं आहे. ही नावं सरकारने आपणहून दिलेली नाहीत. 'वॉशिंग्टन पोस्ट'ला त्यासाठी कोर्टात जावं लागलं आणि १९९६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मोठ्यांनाच जास्त पैसा मिळतो, ही चर्चा आज आकड्यांवर होते याचं बरंचसं श्रेय या डेटाबेसला जातं.

पण यादीतलं नाव म्हणजे लाभार्थी नव्हे. माझा आक्षेप इथे आहे.

अर्कान्सा राज्यातली अर्कान्सा काउंटी घ्या. हा भाताचा पट्टा. तिथल्या स्टटगार्टमधल्या 'राइसलँड फूड्स'च्या नावावर ५० कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिसते. वाचून वाटेल, एका कंपनीने सगळं लाटलं! पण राइसलँड ही सहकारी संस्था आहे. तिचे हजारो भातउत्पादक सभासद अनेक काउंट्यांमध्ये पसरलेले आहेत आणि पैसा त्यांच्यासाठी आलेला. म्हणजे इथे यादी विषमता फुगवून दाखवते.

आता उलट बाजू. २०१८ च्या कायद्यात मुख्य योजनांसाठी माणशी वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा होती. भागीदारीत शेती असेल तर जितके पात्र भागीदार, तितक्या मर्यादा. यादीत मात्र भागीदारी संस्थेचं नाव येतं. एकाच माणसाचा वाटा दोन-तीन संस्थांच्या नावांमागे असू शकतो. इथे विषमता झाकली जाते.

पीक विम्याचं तर नावच दिसत नाही. हप्त्यातला सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास वाटा सरकार भरतं, पण कोणत्या शेतकऱ्यासाठी किती भरलं, हे कायद्यानेच गोपनीय आहे.

शेवटचा मुद्दा खंडाचा. चेक जमीन कसणाऱ्याच्या नावावर निघतो. पण अनुदान मिळणार हे माहीत असल्याने मालक खंड वाढवतो, आणि काही पैसा तिकडे जातो. हे यादीत कुठेच नोंदलं जात नाही.

म्हणून 'अनुदान कुणाला मिळतं?' हा एक प्रश्न नाही, तीन आहेत: नाव कुणाचं, पैसा कुणाच्या हातात, आणि शेवटी फायदा कुणाचा. ही यादी फक्त पहिल्याचं उत्तर देते. प्रबंधाच्या प्रस्तावात तुम्ही यातला कोणता प्रश्न विचारताय, ते आधी स्पष्ट लिहा. नाहीतर पहिल्याचा डेटा घेऊन तिसऱ्याचा निष्कर्ष काढाल, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

पीएम-किसानवर काम करणार असाल तरी हेच करा. तिथे पात्रता जमीनधारक कुटुंबाची आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही असा बटाईदार यादीत सापडणारच नाही. त्याला शोधायला गावातच जावं लागेल.