खडकाचे रहिवासी की खोदाईचे पाहुणे?

भूगर्भातील पाण्यात सूक्ष्मजंतू सापडले, एवढ्यावरून ते तेथील मूळ रहिवासी ठरत नाहीत. १९२६ साली शिकागोच्या एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींच्या पाण्यात सल्फेटचे क्षपण करणारे जंतू दाखविले, तेव्हा ते खोदाईबरोबर आत गेले असावेत, असा आक्षेप आला. कोयनेच्या विवरावरील संशोधन वाचताना तोच आक्षेप पुन्हा विचारात घ्यावा लागतो.

कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास उगमाजवळून करता यावा म्हणून गोठणे येथे घेतलेले प्रायोगिक विवर २०१७ साली तीन किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट. त्याखाली ग्रॅनाइट-नाईसचा प्राचीन पाया. या खोदाईतून वर आलेल्या द्रवातील जंतूंचा अभ्यास २०२० साली ‘सायंटिफिक ड्रिलिंग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एरवी टाकाऊ समजल्या जाणाऱ्या द्रवालाच अभ्यासविषय करणे, ही त्यातील स्वागतार्ह गोष्ट होय.

परंतु अडचणही तेथेच आहे. खोदाईचा द्रव पुनःपुन्हा विवरात फिरतो, वर उघड्या खड्ड्यात हवा घेतो, आणि त्यातील सेंद्रिय द्रव्ये जंतूंचे अन्न होतात. खडकातून सुटलेल्या चार पेशी वर येईपर्यंत चार हजार होऊ शकतात. पाण्याच्या टाकीतून आलेल्याही तशाच वाढतात. म्हणून द्रवातील संख्या ही खडकातील संख्या नव्हे. आढळलेल्या जंतूंचे आप्त इतरत्र खोल खडकांत सापडले आहेत, हा युक्तिवाद उपयुक्त असला तरी निर्णायक नाही. त्या ठिकाणीही नमुने खोदूनच काढलेले असतात! न वापरलेला चिखल, त्यात मिसळलेले पाणी, मागोव्यासाठी द्रवात सोडलेले द्रव्य आणि गाभ्याच्या बाह्य व आतील भागांची तुलना, अशा पुराव्यांनीच पाहुणे वेगळे काढता येतात. तीन किलोमीटरवरून गाभा काढणे किती खर्चाचे, हे प्रस्तुत लेखक विसरलेला नाही. तथापि प्रबंध हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने निष्कर्षाआधी नियंत्रण-नमुन्यांचा तक्ता वाचावा, असे सुचवावेसे वाटते.

हा प्रश्न केवळ कोयनेचा नाही. तेथे बेसाल्टखाली दडलेल्या पायाच्या जातीचे खडक सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात, सावंतवाडीच्या बाजूस, जांभ्याखाली किंवा उघड्यावरच भेटतात. लोहयुक्त जांभ्याच्या या मुलखात विंधन विहिरीच्या पाण्यावर तांबूस बुळबुळीत थर दिसला, की दोष खडकाला दिला जातो. वास्तविक लोहजंतू एका विहिरीतून दुसरीत खोदाईच्या अवजारांबरोबरही जातात. नव्या विहिरीचे पहिल्याच दिवशी तपासलेले पाणी बहुधा यंत्रवाल्याच्या टाकीचीच हकीकत सांगते. भरपूर उपसा करून, काही दिवसांच्या अंतराने घेतलेले नमुने आणि शेजारी त्या टाकीच्या पाण्याचा एक नमुना, एवढे तरी प्रयोगशाळेत यावयास हवे.