पाते एकाचे, मूठ दुसऱ्याची

२०२५च्या ऑगस्टात, पावसाने जोर धरलेला असताना, नाहूरहून लोकल पकडली, परळला उतरलो आणि चालत प्रभादेवीला गेलो. नागपूरकर भोसल्यांची तलवार राज्य शासनाने एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात ४७ लाख १५ हजार रुपयांना विकत घेतली होती. ती पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत मांडली होती. रांगेतल्या बहुतेकांची नजर मुठीवरच्या सोन्याच्या कोफ्तगिरीवर खिळत होती. मी मात्र पात्यावरची देवनागरी अक्षरे पाहायला गेलो होतो. 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग' अशी ती सोनेरी अक्षरे. मालकाचे नाव, शाहू छत्रपतींनी दिलेला किताब, आणि शेवटी शस्त्राची जात.

फिरंग म्हणजे युरोपी पात्याची सरळ तलवार. आपले पाते परदेशी आहे हे नागपूरच्या सेनापतीने लपवले नाही. सोन्याने लिहवून घेतले. 'आपली तलवार परत आली' असे मथळे नंतर वर्तमानपत्रांत आले. ते योग्यच होते. पण त्या शेवटच्या शब्दाशी फारसे कोणी थांबले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच शब्द आहे. जुन्या शस्त्राची ओळख कशावरून ठरवायची? या प्रश्नाला दोन परंपरांनी दोन उत्तरे दिली आहेत. एक युरोपातल्या संग्राहकांची, दुसरी आपली. माझ्या मते दोन्ही अर्धीच आहेत.

आधी संग्राहकांचे पाहू. पातेदार शस्त्रांच्या संग्रहात जर्मन शिकारी कट्यारी आणि तलवारी हा एक स्वतंत्र प्रांत आहे. त्यात 'हिर्शफेंगर' मुख्य. हिर्श म्हणजे सांबरासारखे मोठे हरीण, फेंगर म्हणजे धरणारा. शिकारी कुत्र्यांनी कोंडीत पकडलेल्या जनावराचा शेवटचा घाव घालण्यासाठी हे आखूड, सरळ पाते. त्याचा थोराड भाऊ 'वाइडब्लाट' : रुंद, जड, फांद्या छाटायला आणि शिकार फोडायला. बंदूक सुधारली तशी या शस्त्रांची गरज संपली, पण मान वाढला. अठराव्या शतकात ती दरबारी शिकारीच्या पोशाखाचा भाग झाली आणि पुढे वनाधिकाऱ्यांच्या गणवेशात गेली. सांबरशिंगाची मूठ, शिंपल्याच्या आकाराची परज, पात्यावर आम्लाने कोरलेली रानडुकरे आणि हरणे, हे त्यांचे रूप.

संग्राहक अशी वस्तू हाती घेतो तेव्हा त्याची कसोटी एकच असते : सगळे भाग मूळचे आहेत का? पाते, मूठ, परज, म्यान एकाच काळाचे, एकमेकांसाठी घडवलेले हवेत. मूठ नंतर बदललेली निघाली की किंमत कोसळते. ही कसोटी निरुपयोगी नाही. तिच्यामुळे माणूस बारकाईने पाहायला शिकतो. पात्याच्या पाठीची जाडी मोजायला, खिळ्याचे डोके जुने की नवे ते ओळखायला, ठशाचा अर्थ लावायला. अशा पात्यांवर '१४१४' हा आकडा आढळतो. नवखा ग्राहक ते साल समजून हरखतो. प्रत्यक्षात तो शुभ वा जादूचा मानलेला आकडा आहे आणि पाते दोन-अडीच शतकांनी अलीकडचे असते. पात्यावर 'जर्मनी' असे देशाचे नाव असेल तर काळ आणखी अलीकडे येतो. १८८७च्या ब्रिटिश व्यापारचिन्ह कायद्यानंतर आणि १८९१पासून लागू झालेल्या अमेरिकी नियमानंतर निर्यातीच्या मालावर देशाचे नाव घालण्याची रीत रूढ झाली.

पण याच कसोटीने फिरंगीला तोलले तर काय होते? पाते युरोपात, बहुधा तलवारींच्या गावात, घडलेले. ते पोर्तुगीज, डच, इंग्रज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून नुसते पाते म्हणूनच इथे येई. मूठ इथल्या शिकलगाराने बसवलेली. युरोपी पात्याचे मागचे टोक लांब असते. ते मुठीतून आरपार नेऊन वर ठोकून बसवतात. आपल्याकडे ते टोक आखूड, आणि मुठीच्या पोकळीत राळ-लाखेच्या वितळलेल्या मसाल्याने घट्ट केलेले. शिवाय पात्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या जोडून आधार, हाताला टोपलीसारखी परज आणि वर गज. संग्राहकाच्या भाषेत हे 'जोडकाम', म्हणजे कमी दर्जाचे. दख्खनच्या भाषेत हीच तयार तलवार. तिला दुसरे 'मूळ' रूप कधी नव्हतेच.

त्यातून गंमत अशी की ज्या शुद्धतेची ही कसोटी आहे ती खुद्द जर्मनीतही नव्हती. वुपर नदीकाठचे झोलिंगेन हे पात्यांचे गाव. तिथे लोहार, पाणी देणारे, घासणारे, मूठ बसवणारे असे वेगवेगळे कारागीर होते. त्यांच्या बिरादऱ्यांना पंधराव्या शतकात सनदा मिळाल्या. म्हणजे एक तलवार चार घरे फिरून तयार होई. पळता लांडगा ही खूण मुळात पासाऊ गावची. झोलिंगेनकरांनी ती उचलली. स्पेनमधल्या तोलेदोची, इटलीतल्या आंद्रेआ फेरारा या कारागिराची नावेही त्यांनी आपल्या पात्यांवर बिनदिक्कत ठोकली, कारण त्या नावांना भाव होता. आपणही मागे राहिलो नाही. जिनोव्हाच्या पात्यांवर पापणीच्या केसांसारखे दोन अर्धगोल असत. ते आपल्या लोहारांनी देशी पात्यांवर उमटवले. 'झोलिंगेन' या नावाला जर्मनीत कायद्याचे खास संरक्षण मिळाले ते १९३८ साली. तोवर ठसा हा पुराव्यापेक्षा जाहिरातीच्या जवळचा होता.

आता आपल्याकडे वळू. संग्राहक वस्तू पाहतो आणि माणूस विसरतो, तर आपण माणूस पाहतो आणि वस्तू विसरतो. तलवारीवर मराठीत जे लिहिले जाते त्यात ती कोणाची, कोणत्या लढाईतली, कुठे गेली, कधी परत येणार हेच अधिक. पात्याची लांबी, वजन, पन्हळी किती, ठसा कुठे, पाठ कशी, यांची नोंद क्वचित. संग्रहालयांत मी पाहिलेल्या अनेक फलकांवर 'तलवार, अठरावे शतक' एवढेच असते. पाते आणि मूठ यांची जन्मगावे वेगळी असू शकतात, ही शक्यताही त्या फलकावर मावत नाही.

वस्तुतः आपली जुनी भाषा याबाबत अधिक प्रामाणिक होती. सरळ परदेशी पात्याला 'फिरंग' म्हटले. जुन्या शस्त्रसूचींत 'अलेमानी' हे नाव भेटते. आलेमान म्हणजे जर्मन. शिवछत्रपतींची म्हणून ओळखली जाणारी आणि कोल्हापूरकरांनी १८७५-७६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिच्या पात्याच्या पन्हळीत येशूच्या नावाची 'आय एच एस' ही अक्षरे तीनदा उठवलेली आहेत. ख्रिस्ती अक्षरांचे पाते मराठी मुठीत बसले आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. उत्तम पाते जिथे मिळेल तिथून घ्यावे, आपल्या हाताला बसेल अशी मूठ चढवावी, इतका साधा व्यवहार होता तो. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही आणि ते झाकण्याचेही नाही.

हे सगळे मी अधिकाराने सांगत नाही. माझे शिक्षण भांडुपच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाले. पोलाद हाताला कळत होते. इतिहास नंतर, पुस्तके उसनी आणून, कळू लागला. तिशीत असताना मामांच्या घरची खंडेनवमीला पुजली जाणारी तलवार मी हौसेने मुंबईला आणली. लांब, सरळ पाते, गंजाने काळवंडलेले. रविवारी कारखान्याच्या बफवर धरले आणि दोन तासांत आरशासारखे केले. मामा खूश झाले. मुठीपासून चार बोटांवर पन्हळीत काहीतरी कोरल्यासारखे होते, पितळेचा पिवळा धागा मधूनमधून चमकत होता. मी तो मळ समजलो.

पुढे सात-आठ वर्षांनी एका ग्रंथालयात पासाऊच्या लांडग्याचे चित्र पाहिले. चार-पाच तुटक रेघा, त्यांत पितळ भरलेले. त्या दिवशी पुस्तक मिटून घरी आलो. मी घासले ते लांडग्याचे चित्र होते की आणखी काही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. ज्याने सांगितले असते तो पुरावा बफच्या धुळीबरोबर गेला.

म्हणून शेवटी मागणे छोटे आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी तलवार परदेशी नेण्यास मज्जाव आहे. पण एमरी कागदापासून तिचे रक्षण कोणताही कायदा करत नाही. दसऱ्याला शस्त्र बाहेर काढाल तेव्हा ते घासू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात द्या. पाते दोन्ही बाजूंनी, पाठीवरून आणि बुडाशी उजेड तिरपा पाडून त्याचे फोटो काढा. लांबी, रुंदी, वजन वहीत लिहा. ठसा दिसला तर त्यावरून लगेच गाव ठरवू नका, त्याचे चित्र काढून ठेवा. मूठ आणि पाते यांची नोंद वेगवेगळी करा. मग घराण्याची गोष्ट लिहा, तीही जरूर लिहा.

मामांची तलवार आजही गावी देव्हाऱ्याशेजारी टांगलेली आहे. भाचरे विचारतात, कुठली? पाते फिरंगी, मूठ आपली, असे सांगतो. पात्याचे गाव कोणते, एवढे विचारले की गप्प बसावे लागते.