यंत्र, खिळे आणि अक्षर : एका उपपत्तीची परीक्षा

व्यवसायाची प्रस्थापित घडी मोडणारे तंत्र आरंभी हीन दर्जाचे दिसते. नामवंत व्यावसायिक उत्तम गिऱ्हाइकांचे ऐकून त्याची उपेक्षा करतात आणि त्यामुळेच मागे पडतात, अशी उपपत्ती क्लेटन ख्रिस्टेन्सेन यांनी १९९७ च्या ग्रंथात मांडली. मराठी मुद्रणाच्या कसोटीवर ती अर्धीच उतरते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापाने आरंभ करून पुढे खिळे स्वीकारले. शिळेवर हस्ताक्षर जसेच्या तसे उमटे. त्या मानाने आरंभीचे खिळे ओबडधोबड होते. येथवर उपपत्ती लागू पडते. परंतु खिळ्यांचा विजय केवळ यंत्राचा नव्हे. जावजी दादाजी यांनी टाइपांचा कारखाना १८६४ मध्ये काढला आणि निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये. हा क्रमच बोलका आहे : आधी यंत्र लिपीच्या स्वाधीन झाले, मग धंदा वाढला.

लायनोटाइपच्या काळी हे नाते उलटले. त्या यंत्राच्या मातृकापेटीत ९० घरे असत. जोडाक्षरांसह देवनागरीस शेकडो खिळे लागत. साहजिकच लिपीच छाटावी, असा विचार बळावला. सावरकरांनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी ‘किर्लोस्कर’ मासिकाने वापरली. तथापि समाजाने ती स्वीकारली नाही.

संगणकाचा स्वीकार मात्र विनातक्रार झाला. वारज्यासारख्या उपनगरातील अक्षरजुळणीच्या दुकानापासून मोठ्या वृत्तपत्रापर्यंत सर्वांनी तो केला, कारण गिऱ्हाइकास हवे असलेले देखणे पान त्यातून मिळत होते. पानामागील संकेत कोणी मागितला नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये समान संकेत प्रमाण केला असूनही टंकांचे अनेक संच आपापले निराळे संकेत वापरीत राहिले. परिणामी त्या काळातील पुष्कळसा मराठी मजकूर मूळ टंकावाचून निरर्थक चिन्हे ठरतो. रूपांतर केल्यावाचून त्यात शब्द शोधता येत नाही. युनिकोडमध्येही ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आले.

सारांश, येथे व्यावसायिकांनी गिऱ्हाइकांचेच ऐकले, तंत्रही त्वरेने स्वीकारले आणि धंदा टिकविला. हानी झाली ती भाषेच्या संग्रहाची. उपपत्तीच्या हिशेबात हा व्यवहार यशस्वी ठरेल. तिचा खरा दोष हाच, की पेढी तरली की बुडाली एवढेच ती मोजते. तंत्राचा स्वीकार कोणत्या अटींवर झाला, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. आणि मराठीच्या अभ्यासकास तोच प्रथम विचारला पाहिजे.