आराखड्यांतील पाऊस

साहित्याच्या मासिकांत महानगरपालिकेच्या आराखड्याचें परीक्षण कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. ज्या ग्रंथांतील एखाद्या आंकड्यावरून लाखों लोकांच्या घरांत पाणी शिरावयाचें कीं नाहीं हें ठरतें, तो ग्रंथ निदान कादंबरीइतक्या काळजीनें वाचला जावा, एवढेंच आमचें त्यावर उत्तर आहे. शिवाय अशा ग्रंथांनाही कर्ते असतात, शैली असते, आवडते शब्द असतात, आणि सोयीस्कर मौनेंही असतात. टीकाकाराला याहून अधिक काय हवें?

उपनगरांच्या पावसाळी पाण्याविषयींचीं तीन लिखाणें आम्हीं पुढ्यांत घेतलीं आहेत: १९९३ सालचा, ‘ब्रिमस्टोवॅड’ या राक्षसी नांवानें ओळखला जाणारा अहवाल, २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २००६ सालीं दिलेला अहवाल. आणि मार्च २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेला मुंबईचा वातावरण कृति आराखडा. पहिलीं दोन अभियंत्यांचीं, म्हणून रुक्ष. तिसरें मात्र हिरव्या रंगांत बुडवून काढलेलें. आश्चर्य असें कीं, आमच्या मतें खरें काव्य पहिल्यांतच आहे.

मुंबईचीं जुनीं गटारें ताशीं २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलीं गेलीं. त्यांतही निम्मेंच पाणी गटारापर्यंत पोंचेल, उरलेलें निम्में जमीन पिऊन टाकील, असें गृहीत धरलें होतें. शास्त्राच्या भाषेंत हा गुणांक अर्धा. पावसाचें मान ताशीं ५० मिलिमीटर धरावें, असें १९९३ च्या अहवालानें सांगितलें, आणि वर्तमानपत्रांनीं तें वारंवार छापलें. परंतु त्या आंकड्याच्या शेजारींच अर्ध्याचा गुणांक एकावर नेला गेला, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. एक म्हणजे जमीन थेंबभरही पीत नाहीं! ताशीं साडेबारा मिलिमीटर वाहून नेणाऱ्या गटारांनीं आतां पन्नास न्यावे, म्हणजे चौपट काम करावें. या चौपटींतली एक दुप्पट आभाळाची आहे, दुसरी आमची. जुलैच्या मध्यावर भिजून तृप्त झालेली जमीन खरोखरीच फार पीत नाहीं, तेव्हां अभियंत्यानें सावधपणें एक धरला यांत त्याची चूक नाहीं. तथापि फरसबंदी अंगणांच्या आणि बुजलेल्या तळ्यांच्या शहराचें चरित्र इतक्या थोड्या अक्षरांत दुसऱ्या कोणीं लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

त्या अहवालाचें फलित म्हणजे पंपगृहें. आठ सुचविलीं होतीं. त्यांपैकीं अंधेरीच्या पश्चिमेकडील इर्ल्याचें उभें राहिलें, मोगरा नाल्याचें वर्षानुवर्षें रखडलें. अंधेरीच्या भुयारी मार्गांत पाणी तुंबल्याची बातमी दर पावसाळ्यांत सणासारखी येते, यावरून काय समजावयाचें तें वाचकांनींच समजावें.

२००५ च्या त्या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्यास अवघा सुमारें ७३. एकाच शहराच्या दोन टोकांचें हें अंतर नीट ध्यानांत ठेवावें, कारण प्रलय उपनगरांचा होता. अंधेरी आणि घाटकोपर १९५० सालीं, बोरिवली आणि मुलुंड १९५७ सालीं बृहन्मुंबईंत आलीं. शेतें आणि खाजणें घेऊन आलीं, आणि नंतर तीं विसरलीं. चितळे समितीच्या अहवालाचा मोठा गुण असा कीं, त्यानें मिठीला पुन्हां नदी म्हणून वाचावयास लाविलें. विहार आणि पवई यांचें सांडपाणी घेऊन निघणारा, विमानतळाच्या धावपट्टीपाशीं अंग चोरून वळणारा हा प्रवाह तोंवर लोकांच्या तोंडीं नालाच होता. मात्र नदी म्हटल्यावर आम्हीं केलें काय? तिला रुंद केलें, खोल केलें, आणि दोन्ही बाजूंनीं भिंती घातल्या. नांव सुधारलें, वागणूक नाल्याचीच राहिली.

बोरिवलीकरांनीं दहिसर नदीकडे पाहावें. तुळशी तलावाच्या बाजूनें निघून राष्ट्रीय उद्यानाच्या रानांतून ती खळाळत येते, आणि वस्तींत शिरतांच भिंतींच्या कोंडींत सांपडते. सिंगापुरास बिशान येथील उद्यानांत याच्या उलट करून दाखविलें आहे. तेथील २.७ किलोमीटर लांबीचा सरळ सिमेंटचा कालवा फोडून २०१२ पर्यंत त्याची तीन किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. पाऊस वाढला कीं ती हिरवळीवर पसरते, ओसरला कीं लोक पुन्हां तेथें फिरावयास येतात. आमच्या नदीस तर उद्यान आयतेंच लाभलेलें आहे. परंतु उद्यानाच्या कुंपणाबाहेर तिला पसरावयास जागा ठेवली नाहीं, आणि तेथें राहणाऱ्यांना दुसरें घर दिल्यावांचून ती आतां काढतां येणार नाहीं, हा भेद तुलना करणारांनीं विसरूं नये.

आतां तिसऱ्या ग्रंथाकडे वळूं. त्याचीं सहा प्रकरणें आहेत; पुराचें एक, हिरवाईचें एक. पाणी झिरपूं देणाऱ्या पृष्ठभागांचा पुरस्कार त्यानें मोकळेपणानें केला, याबद्दल त्याचें अभिनंदन केलेंच पाहिजे. दोष भाषेचा आहे, आणि आम्ही भाषेचा दोष लहान मानीत नाहीं. ज्या विचाराला इंग्रजींत ‘ग्रीन इन्फ्रास्ट्रक्चर’ म्हणतात, त्यांतील दुसरा शब्द महत्त्वाचा. आमच्याकडे पहिलाच तेवढा रुजला. झाड लावलें, कुंडी ठेविली, कठड्याला हिरवा रंग दिला कीं काम झालें! बांधकामाच्या नियमांत ‘मदर अर्थ’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. खालीं तळघर नाहीं, मोटारींचा मजला नाहीं, अशी खरी जमीन, एवढाच त्याचा अर्थ. वसुंधरेचें नांव वकिली कलमांत शोधावें लागावें, अशी वेळ आली ती कशामुळें? मनोरंजनाची मोकळी जागा मोटारींच्या छपरावर, म्हणजे पोडियमवर, दाखविण्याची चाल पडली होती म्हणून. डिसेंबर २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही जागा जमिनीवरच हवी असा निकाल दिला. छपरावरच्या बागेंतील गवत हिरवें खरें, पण त्याखालीं पाणी जाणार कोठें?

येथें थोडें गणित करूं. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर ताशीं ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तासांत ५०,००० लिटर पाणी होतें. त्यांत दीडशें चौरस मीटर उघडी माती असून ती ताशीं १० मिलिमीटर पाणी पीत असेल, तर ती १,५०० लिटर पिईल. म्हणजे जवळ जवळ कांहींच नाहीं. पण तीच जागा भोंवतालच्या फरशीहून २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, खोल ठेवली आणि छपराचें पाणी तींत सोडलें, तर ३०,००० लिटर पाणी तेथें थांबतें. आमच्या गृहसंस्थांतील बागा नेमक्या उलट, कांठ बांधून उंच केलेल्या असतात. पाऊस पडतांच त्यांतील माती धुपून गटारांत जाते. खोलगट बाग म्हणजे दुसरें काय? कोंकणांतलें भाताचें खाचर! बांध घालून पाणी अडवावयाचें आणि उफाळा वाढला कीं खालच्या खाचरांत सोडावयाचें, ही विद्या या उपनगरांच्या जुन्या रहिवाशांच्या हातांत होती. आराखड्यांत परदेशच्या नगरांचे दाखले येतात. खाचर हा शब्द येत नाहीं. डांसांची भीति कोणी घालील, आणि ती खोटी नव्हे. म्हणून बागेखालीं खडीचा थर हवा आणि पाणी दिवसाभरांत उतरलें पाहिजे. २६ जुलैसारख्या दिवशीं त्याच भूखंडावर ९,४४,००० लिटर पाणी पडेल. तेथें खाचर काय किंवा पंप काय, दोघेही हात टेकतील. त्या दिवसासाठीं मोठी सखल जागाच मोकळी हवी.

आणि याच ठिकाणीं हा ग्रंथ आम्हांला मध्येंच तुटल्यासारखा वाटतो. मुलुंड, भांडुप, कांजूर येथील मिठागरें हीच ती सखल जागा. २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें त्यांतील सुमारें २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासांतील घरांसाठीं देण्याचें ठरविलें. द्रुतगति महामार्गामुळें ती भरतीच्या पाण्यापासून तुटलेली आहे, असें समर्थक म्हणतात. मानूं कीं तसें आहे. पण पावसाचें पाणी महामार्गाच्या वरून पडतें, आणि पूर्वेच्या डोंगरउतारांवरून खाडीकडे येणारें पाणी याच बाजूस उतरतें. धारावीच्या गरीबाला घर हवें याविषयीं दुमत नाहीं. मात्र घाटकोपर-मुलुंडच्या गरीबाच्या घरांत त्यामुळें किती पाणी चढेल, याचा हिशेब २०२२ च्या ग्रंथाच्या कर्त्यांनींच मांडावयास हवा. पाणी झिरपूं द्या असें त्यांनींच लिहिलें आहे. हा आराखडा आणि मंत्रिमंडळाचा तो ठराव एकाच बांधणींत बांधून प्रत्येक विभाग-कार्यालयाच्या मेजावर ठेवावीं, अशी आमची सूचना आहे. बांधणीचा खर्च फार येणार नाहीं.