‘चमचा’ : शिवी की सिद्धांत?

आपल्या सभांतून ‘चमचा’ हा शब्द इतक्या सहज भिरकावला जातो की त्याला काही वजन आहे, हेच आपण विसरलो आहोत. तुर्की-फारसी वाटेने हा शब्द आपल्याकडे आला. आपल्या आयांच्या चुलीपाशी पळी होती, डाव होता, जेवण हाताने. चमचा मागाहून आला, पण साहेबाच्या पुढेपुढे करणारा माणूस या अर्थाने बोलीत पक्का बसला. जुना ‘हुजऱ्या’ निदान माणूस होता. चमचा ही वस्तू. तो ढवळतो, वाढतो. काय शिजवायचे हे मात्र दुसराच ठरवतो.

बाजारातल्या या शब्दाला राजकीय अर्थ दिला तो कांशीराम यांनी. पुणे कराराला ५० वर्षे झाली त्याच दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, त्यांचे ‘द चमचा एज’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. १९३२ च्या करारात राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्यांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतला एक संयुक्त मतदारसंघाने उचलायचा. अखेरचा शब्द ज्याच्या मतांचा, प्रतिनिधी त्याचाच होणार. चमचे जन्मत नाहीत, व्यवस्था ते घडवते, असा या मांडणीचा मथितार्थ आहे. एका शिवीचा सिद्धांत झाला, ही साधी गोष्ट नव्हे.

आपण मात्र त्या सिद्धांताची पुन्हा शिवी केली. रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीत प्रत्येक गटाला समोरचा गट चमचा दिसला. आमच्या वस्तीत नळ यावा म्हणून एक गुरुजी चार वर्षे नगरसेवकाच्या ओट्यावर बसले. नळ आला, गुरुजी मात्र ‘चमचा’ ठरले. पाण्यासाठी माणसाला ओट्यावर का बसावे लागते, हे कोणी विचारले नाही. आपल्या कथा-कवितांतही हेच घडते. पुढाऱ्याला ‘चमचा’ म्हटले की लेखकाचा संताप तिथेच निवतो. ज्याच्या मुठीत तो चमचा आहे, तो लेखनात येतच नाही.

विकले गेलेले लोक आपल्यात आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. त्यांना जरूर नावे ठेवावीत. पण आपल्याच माणसाला हा शब्द लावण्यापूर्वी, त्याला धरणारा हात कोणाचा, हेही त्याच दमात सांगावे. ते सांगता येत नसेल, तर शब्द गिळावा.