अभयारण्य : नकाशावरचे आणि माळावरचे

महाराष्ट्रातील अभयारण्यांचा तक्ता आपण सर्वांनीच कधी ना कधी फळ्यावर लिहिला आहे. अभयारण्याचे नाव, जिल्हा, प्रमुख प्राणी आणि क्षेत्रफळ असे त्याचे चार रकाने. 'राज्यातील सर्वांत मोठे अभयारण्य कोणते?' हा त्यावरचा एका गुणाचा प्रश्न. वर्षानुवर्षे त्याचे ठरलेले उत्तर होते 'माळढोक पक्षी अभयारण्य'. सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांत पसरलेले, १९७९ साली जाहीर झालेले, ८,४९६ चौरस किलोमीटरचे. हा आकडा केवढा आहे हे मुलांना समजावे म्हणून शेजारी दुसरा आकडा लिहावा. संपूर्ण गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. कि.मी. आहे. म्हणजे एका पक्ष्यासाठी आपण दोन गोव्यांहूनही मोठा प्रदेश राखून ठेवला होता.

पुढे काय झाले? सुमारे तीन दशकांनंतर हे क्षेत्र १,२२२ चौ. कि.मी. पर्यंत खाली आणले गेले. आणि आज नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला, तर ती वर्तमानपत्रातली बातमी होते. क्षेत्र घटवले म्हणून पक्षी गेला, असे पुष्कळांना वाटते. पण कालक्रम नीट पाहिला तर तसे दिसत नाही. कागदावर क्षेत्र पुरेपूर होते तेव्हाच पक्ष्यांची संख्या घसरणीला लागली होती. मग दोन गोव्यांएवढी जागा राखूनही जे राखायचे तेच का राहिले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर राज्य एखादी जागा 'राखते' म्हणजे नेमके काय करते, ते आधी पाहिले पाहिजे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये झाला. त्याच्या अठराव्या कलमाने अभयारण्य जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. सरकार अधिसूचना काढून हद्द सांगते. मग जिल्हाधिकाऱ्याने त्या हद्दीतील लोकांचे हक्क कोणते, याची चौकशी करायची. जमीन कोणाची, पाणी कोणाचे, चराई कोणाची हे तपासून तो हक्क मान्य करायचा, जमीन संपादन करायची किंवा ती हद्दीतून वगळायची. अभयारण्याची देखभाल मुख्य वन्यजीव रक्षकाकडे असते. या साखळीत एक कलम फार महत्त्वाचे आहे, ते विसावे. अधिसूचना निघाल्यानंतर त्या हद्दीतील जमिनीवर वारसाहक्काशिवाय कोणताही नवा हक्क कोणाला मिळत नाही.

चौकशी लवकर आटोपणार असेल तर हे कलम योग्यच आहे; नाही तर चौकशी चालू असतानाच जमिनी हातोहात विकल्या जातील. पण देशभर या चौकश्या वर्षानुवर्षे रेंगाळल्या. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले, की हे काम वर्षभरात पुरे करा. तात्पुरता म्हणून घातलेला अडसर तोवर अनेक गावांच्या आयुष्याचा भाग होऊन बसला होता.

आता ही तरतूद माळढोकच्या अभयारण्याला लावून पाहा. १९७२ साली बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नज परिसरात माळढोक असल्याची नोंद केली आणि सर्वांचे लक्ष या माळाकडे गेले. शिकारीमुळे दुर्मीळ झालेला हा पक्षी वाचवायला हवा, ही तळमळ खरी होती. परंतु हद्द आखताना तालुक्यांमागून तालुके तिच्यात घेतले गेले. गावे, बाजारपेठा, रस्ते, विहिरी आणि लाखो एकर खाजगी शेती, सारेच 'अभयारण्य' झाले. प्रत्यक्षात वनखात्याच्या ताब्यात होते ते गवताळ माळाचे विखुरलेले तुकडे. नान्नजचा सुप्रसिद्ध माळही काही शे हेक्टरांचाच. बाकीच्या जमिनीवर राज्याची मालकी नव्हती, तिथे राखणदार नव्हते आणि करण्यासारखे काही कामही ठरलेले नव्हते. होते ते फक्त निर्बंध. शेतकऱ्याला सातबारा, खरेदीखत, बांधकाम अशा साध्या कामांत अभयारण्य आडवे येऊ लागले. ज्या पक्ष्याला त्याने आजवर आपल्या ज्वारीत फिरू दिले होते, त्याच्याकडे तो संकट म्हणून पाहू लागला, तर दोष कोणाला द्यायचा?

हा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला असे नाही. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथे १९८१ साली माळढोकसाठी २०२ चौ. कि.मी.चे अभयारण्य जाहीर झाले. तेथेही हद्दीत गावांच्या जमिनी होत्या, तेथेही व्यवहार अडले आणि लोक विरोधात गेले. १९९० च्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला. अभयारण्य मात्र त्यानंतरही कागदावर राहिले.

पहिला दोष हा असा हद्दीचा. दुसरा दोष विज्ञानाचा आहे आणि शिक्षकांच्या दृष्टीने तो अधिक विचार करण्यासारखा आहे. 'अभयारण्य' हा शब्दच पाहा. अभय अधिक अरण्य. राखायची जागा म्हटली की अरण्य, आणि अरण्य म्हटले की झाडे, हे समीकरण आपल्या भाषेतच बसले आहे. माळाला महसुली दप्तरात 'पडीक' म्हणायचे आणि पडीक जमीन 'सुधारायची' तर तिच्यावर झाडे लावायची, ही इंग्रजी अमदानीपासूनची चाल. तीच पुढेही चालू राहिली. नान्नजच्या परिसरातील माळांच्या तुकड्यांवर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली. पुढे अभ्यासकांना ती काढून टाका असे सांगावे लागले.

झाडे लावण्यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. त्यासाठी पक्ष्याकडे पाहू. माळढोकचा नर सुमारे मीटरभर उंच आणि बारा-पंधरा किलो वजनाचा असतो. पावसाळ्यात तो उघड्या, आखूड गवताच्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो आणि दूरवर ऐकू जाणारा घुमणारा आवाज काढतो. म्हणूनच त्याला 'हूम' असेही म्हणतात. मादीला तो लांबून दिसला पाहिजे. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. तिलाही चहूकडचे दिसले पाहिजे, कारण शत्रू लांबून दिसणे हेच तिचे संरक्षण. दोघांचे खाणे नाकतोडे, भुंगेरे, सरडे, धान्याचे दाणे, बोरे. अशा पक्ष्याच्या घरात झाडांच्या रांगा उभ्या करणे म्हणजे घराच्या खिडक्या विटांनी बुजवण्यासारखे आहे.

आता गवताकडे पाहू. झाडाच्या रोपाची वाढ शेंड्याकडून होते. शेंडा खुडला की रोप खुंटते. गवताची वाढ बुडाकडून होते. वरचे पाते गुरांनी खाल्ले तरी खालून नवे येते. म्हणून बेताची चराई झाडोऱ्याला मागे ठेवते आणि गवताला संधी देते. चराई पूर्ण बंद केली तर पहिली काही वर्षे माळ छान भरलेला दिसतो. पुढे वाळलेल्या गवताचा थर साचत जातो, उजेड जमिनीपर्यंत पोचत नाही, उंच आणि राठ गवते वरचढ होतात आणि आखूड गवताचे मोकळे पट्टे बुजतात. उलट चराई बेसुमार झाली तर माळ उघडा पडतो आणि माती वाहून जाते. तेव्हा प्रश्न 'चराई हवी की नको' असा नसून किती, केव्हा आणि कोठे असा आहे. विणीच्या हंगामात काही पट्टे बंद, पीक निघाल्यावर काही पट्टे खुले, असे दरवर्षी ठरवावे लागते. मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारा धनगर हे गणित पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. आपल्या व्यवस्थापनात मात्र त्याची जागा बहुधा 'अतिक्रमण करणारा' अशीच राहिली.

माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी साहित्यात आलेले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून असे दिसते, की पश्चिम महाराष्ट्रातील हे विरळ झाडांचे माळ निदान साडेसातशे वर्षांचे तरी आहेत. कमी पाऊस आणि काळ्या खडकावरचा मातीचा पातळ थर यांच्यात माळ टिकून राहिला तो त्याच्या स्वत:च्या बळावर. त्याला 'सुधारण्याची' गरज नव्हती.

तिसरा दोष हद्दीबाहेरचा, किंवा खरे तर हद्दीच्या आतला असूनही कायद्याच्या नजरेबाहेरचा. १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. पाणी आले, पाठोपाठ ऊस आला, साखर कारखाने आले. दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्याला पाणी नको होते असे कोणी म्हणू नये. पण माळढोक ज्या रब्बी ज्वारी-करडईच्या शेतांत चरत असे, त्यांची जागा माणसाहून उंच उसाने घेतली. विजेच्या तारा पसरल्या. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना चटकन वळताही येत नाही, त्यामुळे तारांना धडकून तो मरतो. राजस्थानात उरलेल्या माळढोकांनाही आज हाच मोठा धोका आहे. गंमत पाहा, अभयारण्याच्या कायद्याने शेतकऱ्याचे खरेदीखत अडू शकत होते, पण सगळा प्रदेश बदलून टाकणारे पीक अडत नव्हते. एका खात्याने पक्ष्यासाठी रेषा आखायची आणि बाकीच्या खात्यांनी त्या रेषेच्या आत आपापले काम पूर्ववत चालू ठेवायचे, याला नियोजन म्हणता येत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अभयारण्य झाले नसते तर हे माळाचे तुकडेही उरले नसते. त्या तुकड्यांवर माळढोकची वीण झाली. आजही तेथे काळवीट आहेत, लांडगे आहेत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० चे. ते जेमतेम २.१७ चौ. कि.मी.चे. तेथे मूठभर उरलेली काळविटे संरक्षणानंतर शेकड्यांत गेली. मात्र रेहेकुरीचा धडा माळढोकला जसाच्या तसा लागू पडत नाही. काळवीट लहान जागेत तग धरतो आणि वेळप्रसंगी शेजारच्या शेतात जाऊन पोट भरतो. माळढोकला मोठा मुलूख लागतो आणि तो मुलूख लोकांच्या मालकीचा आहे. म्हणूनच येथे लोकांशी करार करण्यावाचून मार्ग नव्हता. ज्वारी, करडई, हरभरा पेरणाऱ्याला काही लाभ, विणीच्या जागी काही महिने चराई थांबवणाऱ्याला चारा, असे काहीतरी. २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात 'संवर्धन राखीव' आणि 'समुदाय राखीव' असे दोन नवे प्रकार आले. त्यांत स्थानिक लोकांना व्यवस्थापनात जागा आहे आणि समुदाय राखीव तर खाजगी जमिनीवरही होऊ शकते. माळढोकच्या दृष्टीने ही तरतूद वीस-बावीस वर्षे उशिरा आली.

तेव्हा कोणत्याही राखीव क्षेत्राची पारख क्षेत्रफळावर करू नये. तीन साधे प्रश्न विचारावेत. येथे नेमके काय राखायचे आहे? ती जमीन कोणाची आहे आणि त्याला यात काय मिळते? आणि ते टिकावे म्हणून दरवर्षी कोणते काम करावे लागते? माळढोक अभयारण्याच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. दुसऱ्याकडे आपण दुर्लक्ष केले. तिसऱ्याचे उत्तर जंगलाच्या पुस्तकातून उचलले.

हे वर्गात कसे न्यावे? शाळेमागे किंवा गावच्या गायरानात गवताचा तुकडा असेल, तर पावसाच्या सुरुवातीला शेजारी शेजारी दोन चौरस आखा, प्रत्येकी एक मीटर लांबी-रुंदीचे. एकाला काटेरी फांद्यांचे कुंपण घाला, दुसरा गुरांना मोकळा ठेवा. दर महिन्याला मुलांनी गवताची उंची मोजावी, वनस्पतींचे प्रकार मोजावेत, नाकतोडे किती दिसतात ते लिहावे. दिवाळीनंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून बोलावे. जमल्यास एखाद्या मेंढपाळ आजोबांना त्या दिवशी वर्गात बोलवावे आणि कोणते गवत केव्हा चारतात, हे त्यांना विचारावे. प्रयोग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही त्याच जागी चालू ठेवला तर अधिक चांगले, कारण बंद कुंपणाचा खरा परिणाम उशिरा दिसतो.

आणि फळ्यावरच्या त्या तक्त्यात पाचवा रकाना वाढवावा : 'येथे दरवर्षी काय करावे लागते?' तो भरताना मुले अडतील, कदाचित आपणही अडू. अडू द्यावे. माळढोकच्या अभयारण्याच्या तक्त्यात हा रकाना पहिल्या दिवशीच कोणी काढला असता, तर गिरिपुष्पाची रोपे लावण्यापूर्वी निदान कोणीतरी थांबून विचार केला असता.