दुसरा 'फ्रेंच कनेक्शन' : भोगले, पण उमगले नाही

चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्याहून उणाच असायचा, हे समीक्षेतले जुने गृहीत आहे. जॉन फ्रँकनहायमरच्या 'फ्रेंच कनेक्शन टू' (१९७५) लाही तेच माप लावले जाते. विल्यम फ्रीडकिनच्या १९७१ सालच्या मूळ चित्रपटाला ५ ऑस्कर मिळाली. उन्नत लोहमार्गाखालून सुसाट जाणारी मोटार, न्यूयॉर्कचे गारठलेले रस्ते, घट्ट संकलन हे सारे दुसऱ्या भागात सैल पडते, हे मला मान्य आहे. पण मूल्यमापन तेवढ्यावर संपते काय?

मूळ चित्रपटात पोलीस डॉइल काळ्यांच्या बारमध्ये शिरतो, साऱ्यांना भिंतीशी उभे करतो, झडती घेतो, खिदळतो. काळ्यांवर भरवसा ठेवू नये, असे सोबत्याला सुनावतो. प्रस्थापित समीक्षेने याला वास्तवता म्हटले. हा शब्द मी कॉलेजात शिकलो; झडती मात्र त्याआधीच ठाऊक होती. वस्तीत पोलीस आले की माझा बाप, कुणी काही विचारण्याआधीच, हात वर करी. शेवटी डॉइल चुकून आपल्याच बाजूच्या अधिकाऱ्याला मारतो आणि तस्कर शार्निए निसटतो. म्हणजे फ्रीडकिनने त्याला देव केलेले नाही. पण भिंतीशी उभ्या माणसांना तो चेहराही देत नाही.

दुसऱ्या भागात डॉइल मार्सेयला जातो. भाषा येत नाही, हाती सत्ता नाही. शार्निएची माणसे त्याला कोंडून हेरॉइन टोचत राहतात. सुटल्यावर फ्रेंच पोलीस त्याला कोठडीत ठेवून नशा उतरवतात. तिथे बेसबॉलच्या आठवणी काढत रडणारा जीन हॅकमन मूळ चित्रपटात कुठेच नाही. ज्यांची तो झडती घेई, त्यांच्याच जागी आता तो आहे. हा मधला भाग मला मूळ चित्रपटाहून मोठा वाटतो.

पण पुढे काय? बरा होताच डॉइल ते कोंडून ठेवलेले हॉटेल शोधून पेटवतो, शार्निएच्या मागे धावतो आणि त्याला गोळ्या घालतो. भिंतीशी उभी केलेली माणसे त्याला एकदाही आठवत नाहीत. फ्रँकनहायमरने दार उघडले आणि उंबऱ्यावरूनच तो परतला. हॅकमनच्या अभिनयाची उणीव इथे नाही, दृष्टीची आहे.

वेदना भोगली म्हणजे जाणीव येतेच, असे आपणही पुष्कळदा धरून चालतो. हा चित्रपट त्या समजुतीला धक्का देतो. दुसऱ्याच्या वेदनेशी नाते जोडले नाही, तर आपली वेदना सुडापाशीच थांबते. आपल्या लेखनालाही हे माप लावायला हरकत नसावी.